विजयदुर्गाखाली बांधलेलं आरमार

केळदच्या पुढे, मढे घाटाच्या तोंडाशी, कड्यापासून चार पावलं मागे सरून बसा. पावसाळा नुकता सरलेला असावा, म्हणजे ओढ्याला पाणी असेल आणि माणसांची वर्दळ नसेल. पाठीशी वेल्ह्याचा मुलूख आहे, तोरणा आणि राजगड आहेत. डाव्या हाताला ही रांग भोरच्या वरंधा घाटाकडे जाते. समोर कोकण आहे. समुद्र दिसत नाही, आणि दिसावा म्हणून डोळे ताणूही नका.

आधी पाण्याकडे लक्ष द्या. तुमच्या मागच्या उतारावर पडलेला पाऊस गुंजवणी आणि वेळवंडीतून नीरेला मिळतो, नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला, आणि शेवटी पूर्वेच्या समुद्राला. समोरचा ओढा मात्र कड्यावरून खाली उडी घेतो, महाडच्या अंगाने सावित्रीला मिळतो आणि बाणकोटला पश्चिमेच्या समुद्रात शिरतो. आज या पाण्याबरोबर मनाने खाली उतरायचं आहे. सावकाश उतरा. घाटाखालची भातखाचरं, महाड, मग रुंद होत जाणारी खाडी. पाण्याची चव खारी झाली की समजा आपण पोचलो.

बाणकोटला डावीकडे वळा. हर्णैचा सुवर्णदुर्ग जाऊ द्या, दाभोळ जाऊ द्या, जयगड, रत्नागिरी मागे पडू द्या. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. दिवस 12 फेब्रुवारी 1756, दुपार. इथे थांबा.

किल्ल्याकडे नंतर पाहू. तटाखालच्या पाण्यात जे आहे त्याच्याकडे पाहा. तुळाजी आंग्र्यांचं उरलेलं आरमार तिथे आहे. गुराबा आहेत, दोन-तीन डोलकाठ्यांच्या, नाळेवर तोफा रोखलेल्या. त्यांच्या आजूबाजूला गलबतं आहेत, हलकी, वल्ह्यांवरही चालणारी. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढून झुंजीत नेत. उथळ खाडीत ही तारवं बिनदिक्कत शिरत, आणि मागे लागलेलं अवजड विलायती जहाज बाहेर ताटकळत राही. कान्होजी आंग्र्यांनी या बळावर इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना जेरीस आणलं. 1729 साली कान्होजी गेले, मुलांत घर फुटलं, कुलाबा एकाकडे आणि विजयदुर्ग दुसऱ्याकडे गेला. तरी त्यांच्यातल्या तुळाजीच्या काळातही या शिडांचा धाक होता.

पण आज शिडं उतरवलेली आहेत. जहाजं एकमेकांना दोरखंडांनी बांधलेली आहेत. त्या दोरखंडावर मन ठेवा. सुवर्णदुर्ग आदल्या वर्षी, एप्रिल 1755 मध्ये, इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला होता. आता त्यांच्याच ॲडमिरल वॉटसनची लढाऊ जहाजं खाडीच्या तोंडाशी आली आहेत आणि जमिनीवर खुद्द पेशव्यांची फौज आहे. बाहेर पडायला पाणी नाही, चढून जायला डोंगर नाही. म्हणून किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला आरमार उभं केलं, एकाला एक जखडून. पळती झुंज हे ज्याचं सगळं बळ, त्याला जागच्या जागी उभं केलं. मला वाटतं, आरमार हरलं ते याच क्षणी. गोळा नंतर पडला.

तो पडला एका जहाजावर. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलं होतं, त्याचं नाव रेस्टोरेशन. आग त्याच्यावरून शेजारच्या गुराबेवर, तिच्यावरून पुढच्या गलबतावर गेली. वेल्ह्यातल्या कुणालाही विचारा, गोठ्याला आग लागल्यावर दावणीच्या गुरांचं काय होतं. दावं कापायला हात पोचत नाही. संध्याकाळपर्यंत सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला.

मनात राग आला असेल तर येऊ द्या. तो कुणावर आहे एवढंच तपासा. इंग्रजांवर असेल, तर ते शत्रू होते आणि शत्रूसारखे वागले. त्यांच्या क्लाइव्हने तर आपलं सैन्य उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधली जागा धरली, किल्ला दोस्ताच्या हाती पडू नये म्हणून. नानासाहेब पेशव्यांवर असेल, तर त्यांची बाजूही ऐकून घ्या. तुळाजी त्यांना जुमानत नव्हता, आणि त्याने मराठी सरदारांच्या मुलखालाही उपद्रव दिला होता. बेबंद सरदाराला आवर घालणं हे राज्यकर्त्याचं कामच. सरदाराला वठणीवर आणण्यासाठी परक्या आरमाराला घरात बोलावणं आणि त्याच्या हातून आपल्याच किनाऱ्याची जहाजं जळू देणं, हे मात्र मला पटत नाही. पुष्कळदा विचार करूनही पटलेलं नाही.

आता मनाने पुन्हा वर या आणि मान वळवून राजगडाकडे पाहा. हे सगळं मनन समुद्राकाठी न करता इथे करायचं ते याच्यासाठी. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. फेब्रुवारी 1665 मध्ये ते स्वतः आरमार घेऊन बसरूरवर गेले. त्या काळात राजधानी होती राजगड. पद्मावती माचीवर बसून समुद्र दिसत नाही. तरी तिथे बसलेल्या माणसाला तो आपल्या राज्याचा भाग वाटत होता. पुढे आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंगच मानलं, आणि त्याच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस जबरदस्तीने तोडू नयेत इथपर्यंत बारकाई सांगितली. डोंगरातल्या झाडाचा आणि खाडीतल्या गुराबेचा संबंध त्या लोकांच्या ध्यानात होता. शंभर वर्षं उलटायच्या आत पुण्याला आरमार हे आंग्र्यांचं वाटू लागलं. आपलं म्हणून वाटलं नाही, म्हणूनच ते जळताना पाहवलं.

जरा थांबा. एक श्वास त्या खलाशांसाठी घ्या. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी. त्यांची नावं बखरींत फारशी नाहीत. हाती वल्हं आणि तोफेची बत्ती असलेली ही माणसं तटावरून आपलीच तारवं जळताना पाहत होती, आणि त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हरलेल्या आरमाराची ही अवस्था फक्त आपल्या वाट्याला आली असं नाही. जुलै 1945 मध्ये जपानच्या कुरे बंदराजवळ हारुना, इसे, ह्यूगा या युद्धनौका नांगरून पडल्या होत्या. चालवायला तेल नव्हतं. झाडाच्या फांद्या आणि जाळ्या पांघरून त्यांना टेकडीसारखं भासवायची धडपड चालली होती. 24 आणि 28 तारखेच्या हल्ल्यांत त्या जागच्या जागीच उथळ पाण्यात तळाला टेकल्या. तिथेही तेच घडलं. जहाज आधी चालायचं थांबलं, मग बुडालं.

उरलेलं थोडक्यात सांगतो. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता, तो कैदेतच राहिला. वंदनगडासारख्या डोंगरी किल्ल्यांवर त्याला ठेवलं आणि कैदेतच तो वारला. विजयदुर्ग इंग्रजांनी महिनोन्‌महिने सोडला नाही. ऑक्टोबर 1756 च्या तहात तो पेशव्यांना मिळाला तेव्हा बदल्यात बाणकोट आणि दहा गावं द्यावी लागली. सावित्रीचं मुख कायमचं गेलं. पेशव्यांनी पुढे विजयदुर्गावर स्वतःचं आरमार ठेवलं. त्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनी 8 एप्रिल 1783 रोजी इंग्रजांचं रेंजर जहाज झुंजून जिंकलंही. शौर्य कमी पडलं नाही. पण इंग्रजांच्या मुंबईच्या आरमाराला अडवील असं दुसरं बळ किनाऱ्यावर उरलं नव्हतं, आणि 1818 मध्ये विजयदुर्गही गेला.

आता उठायला हरकत नाही. एक विनंती आहे. राजगड-तोरणा चढणारे आपण हजारो आहोत, आणि विजयदुर्गाला जाणारेही तट पाहून, फोटो काढून परततात. तुम्ही गेलात तर खाडीने थोडं आत गिर्येला जा. तिथे आंग्र्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली, सुमारे 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद, आता गाळाने भरलेली. मराठी जहाजं तिथे बांधली जात आणि दुरुस्त होत. मुलांना बरोबर न्या आणि ती कशासाठी होती ते त्यांना सांगा.