भेट : उपकार की अधिकार?

आम्हा बाजारकुणंगच्या मराठी घरांना दोन भाषांत वावरणे नवे नाही. कचेरीत कानडी, आणि उंबरठा ओलांडून आत आले की मराठी. कचेरीतले काम परक्या भाषेतही निभावते. परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, रुसलेल्याची समजूत काढायची, तर घरचीच भाषा लागते. म्हणूनच २०१७ सालच्या डिसेंबरातली एक बातमी आमच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

पाकिस्तानात कैदेत असलेल्या कुलभूषण जाधव यांना त्यांच्या आई अवंती जाधव आणि पत्नी २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत भेटल्या. भेट तुरुंगात नव्हे, परराष्ट्र खात्याच्या इमारतीत झाली. मध्ये काच होती आणि बोलणे यंत्रातून होत होते. आई मराठीत बोलू लागली की तिला अडविले जात होते, असे भारताच्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. सुरक्षेच्या नावाखाली दोघींची मंगळसूत्रे, बांगड्या आणि कुंकूही उतरविण्यात आले होते. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी २८ डिसेंबरला संसदेत सांगितले की, आईचा तो मोकळा गळा पाहताच मुलाने पहिला प्रश्न विचारला तो वडिलांच्या प्रकृतीचा.

त्या एका प्रश्नात सारे आले. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही याचा जो अर्थ मराठी मुलाच्या मनात येईल, तोच त्याच्या मनात आला. मुलाला धीर द्यायला गेलेली आई, तिच्या नकळत, त्याच्या काळजात धस्स करून गेली.

पाकिस्तानने ही भेट माणुसकीच्या भावनेतून दिली, असे म्हटले होते. आमचा प्रश्न इथूनच सुरू होतो. आईने मुलाला भेटावे, हा कोणी कोणावर करावयाचा उपकार आहे काय? उपकार म्हटला की देणाऱ्याच्या अटी आल्या : किती वेळ, कोणत्या वेशात, कोणत्या भाषेत. घेणाऱ्याने मान खाली घालून आभार मानायचे. अधिकार म्हटला तर मात्र त्या अटींची कारणे द्यावी लागतात.

याबाबतीत कायदाही पुरेसा सोबतीला येत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम परदेशी कैद्याला भेटण्याचा अधिकार त्याच्या देशाच्या वाणिज्य दूताला देते. १७ जुलै २०१९ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचा निर्णय १५ विरुद्ध १ मतांनी दिला. शिक्षेचा फेरविचार करावा असे सांगितले, मात्र सुटकेची भारताची मागणी मान्य केली नाही. म्हणजे सरकारी दूताच्या भेटीसाठी जगातले सर्वोच्च न्यायपीठ उभे राहिले. आईच्या भेटीला त्या कलमात जागाच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या, नेल्सन मंडेलांच्या नावाच्या नियमांत कैद्याला कुटुंबीयांच्या नियमित भेटी मिळाव्यात असे आहे. पण ते नियम बंधनकारक नाहीत.

येथे कोणी म्हणेल, जाधव निर्दोष आहेत म्हणून ही भेट त्यांचा हक्क ठरते. पाकिस्तान त्यांना हेर म्हणतो; ते निवृत्त नौदल अधिकारी असून त्यांना इराणमधून पळवून नेण्यात आले, असे भारत म्हणतो. आम्ही आमच्या देशाच्या बाजूचे आहोत, हे वेगळे सांगायला नको. तरीही भेटीचा आधार निर्दोषत्वावर ठेवणे आम्हांस घातक वाटते.

याची साक्ष आमच्याच सीमेवर आहे. जोयडा तालुक्यातले कॅसलरॉक हे १९६१ पर्यंत पोर्तुगीज हद्दीला लागलेले स्थानक होते. त्या हद्दीपलीकडे गोवामुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले आणि पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानडे मात्र जानेवारी १९६९ मध्ये सुटले. ज्या भूमीसाठी ते बंदी झाले, ती सुटल्यावर सात वर्षे ते कोठडीतच होते. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात तेव्हा राजनैतिक संबंधही नव्हते. तेथवर पोचण्याची वाट घरच्यांना किती बिकट असेल, याची कल्पनाच करावी. आमच्या लेखी ते स्वातंत्र्यवीर, लिस्बनच्या लेखी गुन्हेगार. दोषी कोण हे हद्दीच्या कोणत्या बाजूला उभे राहून पाहावे यावर ठरत असेल, तर आईची भेट त्यावर कशी ठरवावी? आई न्यायासनावर बसायला जात नाही, साक्ष द्यायलाही जात नाही. तो जेवतो का, झोपतो का, एवढेच पाहायला जाते.

राज्यसंस्थेची भीती आम्ही खोटी मानत नाही. न कळणाऱ्या भाषेत निरोप जाऊ शकतो. पण त्यावर उपाय आहे : भाषा जाणणारा माणूस बाजूला बसवावा. संशयाला ऐकण्याचा अधिकार असेल. दुसऱ्याला मुके करण्याचा नाही.

आता हे माप स्वतःला लावू. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी आपापल्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. त्यांत समुद्रात हद्द चुकलेले मासेमार दोन्हीकडचे असतात. पालघरच्या कोळ्याची आई कराचीकडे डोळे लावून बसते, तशीच सिंधच्या मासेमाराची आई गुजरातकडे. ती उद्या दारात आली, तर तिला तिच्या भाषेत मुलाशी बोलू द्यावे, असे आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणू काय? नाही म्हणालो, तर इस्लामाबादेतल्या काचेविषयीचा आमचा संताप केवळ आपलेपणाचा ठरेल, न्यायाचा नव्हे.

आणि एवढ्या दूर तरी कशाला जावे? एखाद्या घरातला मुलगा पोटासाठी परमुलखात जातो आणि तिथल्या कायद्यात अडकतो. अशा वेळी ‘खरे काय ते कळू दे’ म्हणत त्या घराची पायरी टाळणे आम्हांलाही सोपे वाटले आहे. खरे काय ते कळायला वर्षे लागतात. तोवर त्या माउलीकडे जाऊन, तिच्याशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलायला कोणत्या सरकारची परवानगी लागते?