आपत्तीची गंगाजळी

संसारी माणसाने निदान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला काढून ठेवावी आणि आजारपण, बेकारी किंवा कर्त्या माणसाचा मृत्यू यांवाचून अन्य निमित्ताने तिला हात लावू नये, हा आजच्या अर्थसल्लागारांचा उपदेश तत्त्वतः नवा नाही. डाळीच्या डब्यात आणि लुगड्याच्या घडीत चार पैसे दडवून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांची बुद्धी याहून वेगळी नव्हती. तो उपदेश खोटा आहे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु जी आपत्ती एका घरावर न कोसळता एकाच वेळी सबंध प्रांतावर कोसळते, तिच्यासमोर घराघरांतील या शिलकेचे काय होते, हा प्रश्न त्या उपदेशात सहसा येत नाही. माझ्या मते खासगी संकटाला खासगी संचय पुरेसा पडू शकतो. सार्वत्रिक संकटात मात्र तोच संचय स्वतःचे मोल गमावून बसतो, आणि म्हणून अशा संकटासाठी लागणारी गंगाजळी सार्वजनिकच असावी लागते.

याचे कारण मनुष्याच्या नीतिमत्तेत नसून बाजाराच्या स्वभावात आहे. एखाद्या कुटुंबात दुखणे आले आणि त्याने हातातल्या पाटल्या विकल्या, तर पाटल्यांचा भाव त्यामुळे उतरत नाही. भावाकडून, शेजाऱ्याकडून उसने मिळते, कारण भावाचे आणि शेजाऱ्याचे बरे चाललेले असते. परंतु पाऊस साऱ्या मुलखावरच रुसला, की विकणारे सगळे आणि घेणारा एखादाच, अशी अवस्था होते. गुरे, भांडी, दागिने यांचे भाव कोसळतात, धान्याचे भाव गगनाला भिडतात, आणि दहा वर्षांच्या काटकसरीने साठवलेली वस्तू दहा दिवसांचे अन्नही मिळवून देऊ शकत नाही. धान्य अजिबात नाहीसे न होताही माणसे भुकेने मरतात, कारण त्यांच्याजवळ जे आहे त्याच्या मोबदल्यात धान्य मिळेनासे होते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली जे शास्त्रीय पद्धतीने मांडले, ते दख्खनच्या कुणब्याने शंभर वर्षे आधी प्रत्यक्ष भोगले होते.

१८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळाची हकिकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. म्हणजे कर्जाचा जो एकमेव मार्ग खेड्याला उपलब्ध होता तो दुष्काळापूर्वीच विषारी झालेला होता, आणि दंग्यांनी बिथरलेला सावकार नवे कर्ज देण्यास नाखूष होता. उरला तो अंगावरचा ऐवज. गोठ, वाळे, कडदोरे हीच ज्यांची पेढी होती त्या कुटुंबांनी ती मोडली, आणि दुष्काळी प्रदेशांतील चांदीचे दागिने वितळवले जाण्यासाठी मुंबईच्या टांकसाळीत ढिगाने येऊ लागले. ज्या वर्गावर उधळेपणाचा आणि लग्नकार्यांत पैसा उडवण्याचा आरोप तत्कालीन अंमलदार नित्य करीत, त्या वर्गाने संचय केला होता, याचा याहून सज्जड पुरावा तो कोणता? संचय होता, तो संकटकाळासाठीच राखलेला होता, आणि संकटकाळी तो खर्चही झाला. तरीही माणसे लक्षावधींनी मेली.

सरकारची शिल्लक या वेळी काय करीत होती? दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांचा रोजचा शिधा दुष्काळी मदतीसाठी सरकारने नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार एक पौंड धान्यापर्यंत उतरवण्यात आला, आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्याच्या निषेधार्थ कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती जमवून सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज पाठवले. तिच्या मागण्यांचे सार इतकेच होते, की दुष्काळी मदत ही मेहेरबानी नसून रयतेने आजवर भरलेल्या शेतसाऱ्याच्या बदल्यातील राज्याचे ऋण आहे. पुढे १८७८ साली सरकारनेही निराळा कर बसवून दरसाल दीड कोटी रुपयांचा दुष्काळ विमा निधी उभारण्याचे ठरवले. कल्पना दूरदृष्टीची होती. परंतु हा पैसा अन्य खर्चांकडे, विशेषतः अफगाण युद्धाकडे वळवला जातो, अशी तक्रार थोड्याच काळात देशी वृत्तपत्रांतून होऊ लागली. घरातील कर्त्याने आजारपणासाठी ठेवलेली रक्कम जुगारात घालवली तर आपण त्याला बेजबाबदार म्हणतो. खजिन्याच्या बाबतीत मात्र त्याच कृत्याला पुनर्विनियोजन असे भारदस्त नाव मिळते.

शहरातही गोष्ट निराळी नाही, हे गिरणगावाने पुढे दाखवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा पगार एकदम थांबला. चाळीचे भाडे, वाण्याची उधारी, खानावळीचा महिना, ही सारी साखळी त्याच पगारावर लोंबकळत होती. खानावळ चालवणाऱ्या ज्या बाया एरवी कामगाराला महिना दोन महिने सांभाळून घेत, त्यांचेही गिऱ्हाईक तोच कामगार होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्याचे आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारापर्यंत नेण्याचे काम केले होते, ते मोलाचेच. तथापि ऋणको आणि धनको एकाच पगारावर जगत असतील, तर परस्परांचा आधार दीर्घ संकटात दोघांनाही बुडवतो. ज्यांची कोकणात किंवा घाटावर जमीन होती ते गावी गेले. ज्यांची नव्हती त्यांनी आधी भांडी, मग दागिने आणि शेवटी खोली विकली.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच भूमीत आहे, आणि ते पुरेशा अभिमानाने सांगितले जात नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रयोग करून रोजगार हमीची जी कल्पना मांडली, तिला १९७२ च्या दुष्काळाने कसाला लावले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे राज्यातील दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबांध घालणे, पाझर तलाव खोदणे ही कामे, मजुरी तुटपुंजी आणि जोडीला सुकडी आणि रेशनची मिलो ज्वारी, असे ते जगणे होते, त्यात सुख नव्हते. पण अन्नाची तूट भयंकर असूनही १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ द्रेझ यांना असे आढळले, की शेतकऱ्यांनी जनावरे विकली, परंतु जमिनी विकण्याची पाळी फारशी आली नाही. नंतर रोजगार हमीचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापला जाणारा व्यवसाय कर व राज्याने त्यात घातलेली तेवढीच भर यांतून त्याचा निधी उभा राहिला. पावसाशी ज्याच्या पगाराचा संबंध नाही त्याने, पावसावर ज्याची भाकरी अवलंबून आहे त्याच्यासाठी, सुकाळातही दरमहा थोडे बाजूला टाकायचे, ही ती योजना. आणि सार्वजनिक गंगाजळीचे मर्म यातच आहे, कारण ती एकाच आपत्तीत सगळी सापडत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सरकार हमी देऊ लागले तर लोक काटकसर सोडून देतील. हा आक्षेप एकोणिसाव्या शतकातील अंमलदारांच्या टिपणांतही सापडतो, म्हणून तो खरा ठरत नाही. उन्हात दिवसभर खडी फोडण्याच्या आशेवर कोणी आपले दागिने उधळून टाकल्याचे ऐकिवात नाही. उलट, आपली जमीन संकटात गिळली जाणार नाही एवढी शाश्वती ज्याला असते, तोच तिच्यात विहीर खणण्याचे धाडस करतो. ज्याला उद्याचीच शाश्वती नाही, त्याला परवासाठी साठवण्याचा उपदेश निरर्थक वाटला तर दोष त्याचा नव्हे.

तरीही घरगुती शिलकेचे महत्त्व मी नाकारीत नाही. सार्वजनिक मदत कितीही तत्पर असली तरी तिला मंजुरी, पंचनामा, आणेवारी या पायऱ्या चढून यावे लागते, आणि तेवढा अवकाश कोणाच्या दारात हात न पसरता निभावून नेणे, हे घरातील पैशाचे काम आहे. परंतु ते करायचे तर तो पैसा वेळेवर हाती आला पाहिजे, आणि ही जबाबदारी पुन्हा सार्वजनिकच आहे. १९६० साली पालाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले, तेही आरंभी १,५०० रुपयांपुरते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला आरंभी अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ज्यांनी उपदेश शिरोधार्य मानून आपत्काळासाठी रक्कम ठेवली होती, त्यांच्यावर त्या रकमेनेच आपत्ती आणली. त्यानंतर विम्याची मर्यादा ५ लाखांवर गेली आणि अशा ठेवीदाराला नव्वद दिवसांत पैसे देण्याची तरतूद २०२१ साली कायद्यात झाली. सुधारणा योग्यच, पण त्या ठेवीदारांच्या हालांनंतर झाल्या.

२०२० च्या टाळेबंदीत स्वतःचा पैसा वेळेवर हाती येण्याचा हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने समोर आला. नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधीतून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकेच्या तीन चतुर्थांश, यांपैकी कमी असेल ती रक्कम उचलण्याची सवलत मिळाली. कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकता आले, पण व्याजाचे चक्र थांबले नाही. या सवलतींनी अनेकांची वेळ निभावली हे खरे. तथापि म्हातारपणाची शिदोरी तरुणपणीच सोडण्यास परवानगी देणे, किंवा आजचे देणे उद्यावर ढकलणे, याला मदत म्हणताना जपून बोलले पाहिजे. त्यात राज्याच्या गंगाजळीतून फारसे काही येत नाही, माणसाचेच पैसे त्याला आगाऊ मिळतात. आणि नाका कामगार, घरकामाच्या बाया, फेरीवाले यांच्यापाशी तर तशी शिदोरीही नव्हती.

म्हणून नागरिकाला संचयाचा उपदेश करण्यापूर्वी राज्याने स्वतःचा जमाखर्च तपासावा, हे म्हणणे अवाजवी ठरू नये. आपत्तीचा निधी सुकाळात भरला जावा, तो इतर खर्चांकडे वळवण्यास कायद्याने मज्जाव असावा, आणि आपत्ती जाहीर होताच त्यातील मदत अर्ज-विनंतीवाचून हक्क म्हणून मिळावी, या तीन अटी पाळल्या गेल्या तरच घरातल्या सहा महिन्यांच्या शिलकेला अर्थ राहतो. त्या पाळल्या न जातील, तर आपण शिकवीत असलेली काटकसर म्हणजे सार्वत्रिक संकटाचा बोजा ज्यांच्या खांद्यांना तो सर्वांत कमी पेलतो त्यांच्यावर टाकण्याची एक सभ्य रीत ठरेल.