ऊब कुणी द्यायची?

पावसाळ्यात तळ्यातल्या कमळाच्या, शिंगाड्याच्या पानांवर लांब बोटं पसरून चालणारा कमळपक्षी तुम्ही पाहिला असेल. जून ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा हंगाम. लांब, बाकदार शेपटी नर-मादी दोघांनाही याच काळात येते. मादी आकाराने मोठी. तरंगत्या पानांवरच्या ओलसर, विस्कळीत घरट्यात ती बहुधा चार चकचकीत तपकिरी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. पुढे सुमारे २६ दिवस अंडी उबवतो तो नर. पाणी चढलं किंवा धोका जाणवला, तर चोच आणि छातीमध्ये अंडं धरून तो ते दुसरीकडे हलवतो. पिल्लांनाही तोच सांभाळतो.

बाळाला जोजवणं हे बाईचंच काम, असं आपण निसर्गाच्या नावाने सांगत आलो. निसर्गाने मात्र असा सरसकट नियम केलेला नाही. पिल्लाला ऊब हवी, एवढंच त्याला ठाऊक.

तेव्हा बाबालोकहो, आज घरातलं लेकरू रडलं, तर कुणाच्या हाकेची वाट पाहू नका. आपणच उठा आणि त्याला जवळ घ्या.