उभं राहणं हे तुझं काम नव्हे

चि. वैशाली,


तुझं पत्र मिळालं, एक्स-रेचा फोटोही पाहिला. उजव्या खुब्याच्या सांध्याची झीज सुरू झाली आहे, शस्त्रक्रियेची वेळ मात्र अजून आलेली नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं योग्य वाटतं. पण ‘साडीच्या दुकानात उभं राहावंच लागतं, सोसण्यावाचून इलाज काय?’ हे तुझं वाक्य मला पटलेलं नाही. फिजिओथेरपी करण्यात माझा जन्म गेला, म्हणून अधिकारानं सांगते. तुझं काम साड्या विकण्याचं आहे. दिवसभर उभं राहणं ही दुकानाची रीत आहे आणि रीत बदलता येते. जुन्या पेठांतले व्यापारी गादीवर बसूनच साड्या उलगडत. त्यानं कोणाचा धंदा बसला नाही.

आधी सांध्यात काय होतं ते समजून घे. दोन्ही पायांवर सारखं उभं राहिलं, की भार दोन्ही खुब्यांत वाटला जातो. एका पायावर तोल गेला, की त्या एकाच खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो, कारण कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू जोर लावून ओढत असतात. दमल्यावर आपण नकळत एका पायावर रेलतो, तेव्हा हेच होतं. शिवाय तासन् तास एकाच जागी राहिलं, की सांधा आखडतो. खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत आणि मांडीत जाणवतं, कधी थेट गुडघ्यात. त्यामुळे कितीतरी जणी गुडघ्याला मलम चोळत बसतात.

आता दुकानातलं. काउंटरमागे एक उंच स्टूल हवं. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा थोडे खाली राहतील, एवढी त्याची उंची असावी. गादीवर मांडी घालून बसणं तुला चालणार नाही, खुर्ची फार बुटकी असेल तर तीही नको. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बस, घड्या घालताना बस. दुखेपर्यंत थांबू नकोस. दर अर्ध्या तासानं दोन-चार मिनिटं बसायचं किंवा चार पावलं चालायचं, असं ठरवूनच टाक. उभी असशील तेव्हा वीतभर उंचीचा पाट पायाशी ठेव आणि आळीपाळीनं एकेक पाय त्यावर टेक. गिऱ्हाइकं चपला बाहेर काढतात म्हणून तुम्ही सगळ्याजणी गार, कडक फरशीवर अनवाणी असता. दुकानात वापरण्यापुरता मऊ तळव्याच्या बुटांचा एक स्वच्छ जोड ठेव आणि काउंटरमागे जाड रबरी मॅट मागून घे.

साड्यांचा गठ्ठा उचलायचा तर छातीशी धरून दोन्ही हातांनी उचल. एकाच हातात न्यायचा असेल तर उजव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात धर. काठीचं मात्र उलटं आहे, ती डाव्या हातात धरायची. काठीची लाज वाटू देऊ नकोस. लंगडणं लपवण्याच्या नादात कंबर आणि दुसरा गुडघाही दुखायला लागतो. माळ्यावरून माल काढणं दुसऱ्या कुणावर सोपव.

घरी आल्यावर पुन्हा ओट्याशी तासभर उभी राहत असशील, तर दुकानातली सगळी काळजी फुकट जाईल. भाजी चिरणं, कणीक मळणं टेबलाशी खुर्चीवर बसून कर. पोळ्या नवऱ्यानं आणि मुलानं लाटायला शिकाव्यात, हे मी त्यांनाही कळवते आहे. संडासात उकिडवं बसणं बंद, कमोड वापर. झोपताना डाव्या कुशीवर झोप आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घे. व्यायाम दोनच सांगते. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर हळू उचलायची; आणि डाव्या कुशीवर पडून उजवा पाय सरळ ठेवून वर न्यायचा. दोन्ही दहा-दहा वेळा, रोज. व्यायामानं जांघेत कळ आली तर थांब आणि तिथल्या फिजिओथेरपिस्टला दाखव.

वेदनाशामक गोळ्या मनानं रोज घेऊ नकोस, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडू शकतात. ‘वातावरच्या’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना तर हातही लावू नकोस. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं चार दिवस बरं वाटतं, पण खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड कायमचं खचू शकतं. रात्री झोपमोड करणारी कळ, ताप किंवा अचानक पाय टेकता न येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

राहिले तुझे मालक. लगीनसराईच्या गर्दीत विषय काढू नकोस, सुट्या दुपारी काढ. डॉक्टरांकडून ‘सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहू नये’ अशी चिठ्ठी घे आणि नेमकं माग: एक स्टूल, माळ्याच्या कामातून सुटका, आणि दिवसातले काही तास बिलिंगचं किंवा व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवण्याचं काम. एकटी जाऊ नकोस. व्हेरिकोज व्हेन्स आणि टाचदुखीनं हैराण झालेल्या मैत्रिणींनाही बरोबर घे. ही भीक नव्हे. काम उभ्याचं असलं तरी संधी मिळेल तेव्हा बसायला सोय हवी, असं कारखान्यांसाठीच्या १९४८च्या कायद्याच्या ४४व्या कलमातच लिहिलेलं होतं. केरळात विजी पेनकूट्टू यांच्यासारख्या बायकांनी दुकानातल्या कामगारांसाठी हाच हक्क मागितला. तिथे २०१८मध्ये कायदा बदलला, तमिळनाडूनं २०२१मध्ये तेच केलं. मागणाऱ्या तुझ्यासारख्याच काउंटरमागच्या बायका होत्या. तुझ्या पगारातून ईएसआयसीची वर्गणी कापली जात असेल तर तीही चौकशी कर. अटी पूर्ण होत असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

पुढे कधी सांधा बदलावा लागला तरी घाबरू नकोस. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९६०च्या दशकात ही शस्त्रक्रिया रुळवली आणि आज बसवलेले बहुतेक सांधे पंधरा-वीस वर्षं नीट चालतात. पण तो दिवस जितका लांबेल तितकं चांगलं, आणि ते लांबवणं पुष्कळसं तुझ्या हातात आहे.

तेव्हा या आठवड्यातच डॉक्टरांची चिठ्ठी घे, मालकांशी बोल आणि ते काय म्हणाले ते मला कळव. नाही म्हणाले तर मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन.

तुझी,
सुमन मावशी