दारातली झोळी आणि घरातला डबा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा आली की नृसिंहवाडी, औदुंबर, गाणगापूर अशा महाराजांच्या प्रत्येक स्थानी रांगा लागतात. रांगेतला प्रत्येक जण मनात काहीतरी घेऊन उभा असतो. कुणाच्या मुलाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या औषधांचा खर्च पेन्शनीत बसत नाही, कुणाच्या उभ्या पिकावर अवकाळी पाऊस पडलेला असतो. मागणी वेगवेगळी दिसली तरी तिचं सार एकच, "महाराज, रोजचं चालू द्या." हे मागण्यात कमीपणा काहीच नाही. लेकराने आईकडे मागायचं नाही तर कुणाकडे?

पण भाविकहो, ज्यांच्यापुढे आपण हात पसरतो ते आपले दैवत कसे आहे, हे थोडे निरखून पाहू या. 'दत्त' म्हणजे दिलेला. अत्रि-अनसूयेला देवाने स्वतःलाच देऊन टाकले, म्हणून हे नाव. आणि हा स्वतःला देऊन टाकणारा देव खांद्याला झोळी अडकवून दारोदार भिक्षा मागतो! दुपारच्या भिक्षेला कोल्हापूर, निद्रेला माहूर, असा त्याचा दिनक्रम आपण लहानपणापासून ऐकत आलो. देणाऱ्यालाच मागण्याची वेळ का यावी? रोजच्या भाकरीबद्दल देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर मला या झोळीत दिसते.

श्रीगुरुचरित्राच्या 18व्या अध्यायातली घेवड्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या घरी श्रीनृसिंहसरस्वती भिक्षेला आले. घरात धान्याचा कण नाही. दाराशी घेवड्याचा वेल होता. कोरान्न मिळाले नाही त्या दिवशी त्याच्या शेंगांवर घर निभावायचे. त्याच शेंगा शिजवून त्यांनी महाराजांना वाढल्या. महाराज तृप्त झाले आणि जाताना तो वेलच उपटून निघून गेले. पुढे मुळी खणताना द्रव्याचा हंडा सापडला.

आपण ही कथा सांगताना हंड्यापाशी लवकर पोचतो. पण वेल उपटला आणि हंडा अजून सापडला नाही, त्या मधल्या वेळेत जरा थांबा. एवढाच आधार होता, तोही गेला. बायको रडते आहे, पोरं भुकेली आहेत. त्या घडीला तो ब्राह्मण महाराजांना दोष देत नाही. उलट पत्नीची समजूत काढतो, की जन्म दिला तो पोसणारही आहे. हे तो बोलला तेव्हा त्याच्या हाती काहीही नव्हते. हंडा मिळाल्यावर कोणीही हात जोडेल हो! आपलं बहुतेकांचं आयुष्य त्या मधल्या वेळेतच जातं. म्हणून त्याचे ते बोल मला हंड्याहून मोलाचे वाटतात.

आता कोणी म्हणेल, म्हणजे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असंच ना? नाही. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात अजगर आहे, तो आपणहून येईल तेवढे खातो, नाही आले तर पडून राहतो. मधमाशीही आहे, तिने साठवलेल्या मधापायीच तिचा घात होतो. पण हे धडे मुख्यतः संन्याशासाठी. गृहस्थाने अजगर व्हायचे म्हटले तर घर उपाशी मरेल. वर्षाचं धान्य भरणं, उन्हाळ्यात पापड-लोणची करणं, म्हातारपणासाठी चार पैसे बाजूला ठेवणं हा अविश्वास नव्हे, तो गृहस्थाचा धर्मच आहे.

47व्या अध्यायातला शेतकरी बघा. महाराजांच्या शब्दाखातर त्याने उभी ज्वारी कापून टाकली. लोक हसले, घरच्यांनी आकांत केला. पण कापण्याआधी त्याने काय केले? शेत ज्याच्या अमलाखाली होते त्या अधिकाऱ्याकडे जाऊन, गेल्या वर्षाच्या दुप्पट धान्य देईन, असे कबूल केले. आपल्या श्रद्धेचा भुर्दंड त्याने दुसऱ्यावर पडू दिला नाही. पुढे अवकाळीने गावाची पिके गेली आणि त्याच्या शेतात धाटांना नवे कोंब फुटून अमाप पीक आले. श्रद्धेने मनुष्य बेफिकीर होत नाही, उलट अधिक जबाबदार होतो, हेच ही कथा सांगते.

तरीही एक अवघड प्रश्न उरतोच. देव देतो, तर मग कितीतरी घरांत चूल का पेटत नाही? त्यांची श्रद्धा कमी पडली? असे म्हणणे मला पाप वाटते. प्रारब्धाचा हिशेब आपल्या हाती नाही. आपल्याला कळण्यासारखं एवढंच, की विश्वास ही स्वतः धरायची गोष्ट आहे, भुकेल्याला सुनवायची नव्हे. घेवड्याच्या ब्राह्मणाला धीराचे बोल शोभले, कारण तो स्वतः त्याच भुकेत उभा होता. भरल्या पोटी आपण शेजाऱ्याला "देव बघून घेईल" म्हणालो तर ती श्रद्धा नसते, ती अंग काढून घेण्याची सोय असते. शेजाऱ्याकडे जायचे ते शिधा घेऊन.

आणि झोळीचे कोडे सुटते ते इथेच. गाणगापुरात महाराज आजही दुपारी कोणत्या ना कोणत्या रूपात भिक्षेला येतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणून तिथे मोठमोठे लोकही पाच घरी माधुकरी मागतात, आणि वाढणारा समोर कोण आहे हे न बघता वाढतो. देव देतो, पण तो आपल्या हातांनी देतो. आपल्या घरी जे येते तेही कुणाच्या तरी हातांनीच आलेले असते. 38व्या अध्यायातल्या भास्कर ब्राह्मणाकडे शिधा होता तिघांपुरता. त्याच अन्नात हजारो जेवले. त्याने आपले गाठोडे सोडले नसते तर?

मग कृतज्ञता ती काय? जेवण झाल्यावर "अन्नदाता सुखी भव" म्हणतो, तेव्हा तो अन्नदाता कोण कोण, हे क्षणभर आठवावे. पाऊस पाडणारा परमेश्वर तर आहेच, पण पेरणारा शेतकरी, पोती उचलणारा हमाल, दळून देणारा गिरणीवाला आणि चुलीपाशी घामाघूम झालेली घरची गृहिणीही त्यात आली. पुष्कळ घरांत तिचे कौतुक तेवढे राहून जाते. साठ वर्षांच्या माणसाने मागे वळून बघावं, किती दिवस आपण अगदी उपाशी झोपलो? ज्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्याने उद्याची काळजी करण्याआधी कालचे आभार मानावेत. आणि ज्याला खरोखर मोजता येत नाहीत इतके आले असतील, त्याच्यापुढे आपण मान खाली घालावी.

धान्याचा डबा घरात जरूर भरलेला असू द्या. फक्त दारात झोळी आली की त्याचे झाकण सहज उघडावे. डब्यावरचा हात कितपत सैल आहे, यावरून आपला महाराजांवर किती विश्वास आहे ते कळते. या जयंतीला प्रसादाचे ताट हाती येईल तेव्हा पहिल्या घासाआधी एकच मागू या, "महाराज, आजचे दिलेत, पोचले. आता आमच्या हातून कुणाचे आजचे द्यायचे आहे, ते दाखवा."

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!