ईजबेलची पत्रे

दुष्ट माणसाचा जगाला एक मोठा उपयोग असतो. त्याच्या माथी खापर फोडले की बाकीच्यांना स्वस्थपणे घरी जाऊन जेवता येते. त्यातून ती दुष्ट व्यक्ती बाई असली, तर मग विचारावयासच नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तलवारी गारद्यांच्या होत्या, राज्याचा लोभ रघुनाथरावांना होता. पण लोकांच्या जिभेवर राहिला तो आनंदीबाईचा ‘ध’चा ‘मा’, आणि तो तिने केला याला धड पुरावा नाही.

बायबलच्या जुन्या करारातील ईजबेल राणी वाचताना मला हे हटकून आठवते. इंग्रजी भाषेत तिचे नाव म्हणजे नटव्या, चवचाल बाईला द्यावयाची शिवी होऊन बसले आहे. मौज अशी, की ‘राजे’ या नावाच्या दोन पुस्तकांत तिने परपुरुषाशी संबंध ठेवल्याची एकही हकीकत नाही. तिचा वैरी येहू तिच्यावर जारकर्माचा आरोप करतो खरा. पण संदेष्ट्यांच्या भाषेत परक्या देवांची पूजा म्हणजेच व्यभिचार. मरणाच्या दिवशी तिने डोळे रंगविले, केस विंचरले आणि ती खिडकीशी आली. जगाने लक्षात ठेवले ते तेवढेच.

ती निर्दोष होती असे मात्र मी म्हणत नाही. सीदोनच्या राजाची ही मुलगी इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकात इस्राएलच्या अहाब राजाला दिलेली. तिने परमेश्वराचे संदेष्टे मारविले. पण तिचे खरे पाप पाहावयाचे तर नाबोथाच्या द्राक्षमळ्याकडे जावे लागते.

तो मळा इज्रेल गावात, राजवाड्याला लागून होता. अहाबाला तेथे भाजीपाला लावावयाचा होता. त्याने बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले. नाबोथाने सांगितले, ही वाडवडिलांची जमीन आहे, ती मी देणे देवाला रुचणार नाही. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला व जेवेना. बायकोने कारण विचारले तेव्हा त्याने सगळे सांगितले, पण वाडवडिलांची गोष्ट तेवढी गाळली. मळा देत नाही म्हणतो, एवढेच. एका वाक्यातला अर्धा भाग गाळणे हे पाप आहे की नाही, हे मी वर्गात मुलांना विचारीत असते. मुले नाही म्हणतात.

ईजबेल म्हणाली, उठा, जेवा, मळा मी मिळवून देते. तिने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याची मोहोर उठविली आणि नाबोथाच्याच गावच्या वडीलधाऱ्या मंडळींना धाडली. उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवा, समोर दोन हलकट माणसे बसवा, याने देवाला व राजाला शाप दिला अशी साक्ष त्यांच्याकडून वदवा, मग दगडांनी मारा. साक्षीदार दोनच का? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मरणदंडाला निदान दोन साक्षी लागत. परक्या मुलखातून आलेली ही सून सासरचा कायदा चांगला शिकली होती.

आता त्या वडीलधाऱ्यांकडे पाहा. नाबोथ त्यांच्या शेजारचा. साक्षीदार खोटे आहेत हे पत्रातच लिहिलेले. तरी एकानेही ‘असे कसे?’ म्हटले नाही. काम झाल्यावर निरोप गेला तोही राजाला नव्हे, राणीला! मोहोर कोणाची आणि हात कोणाचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एका शिपायाविरुद्ध एक कागद सह्यांसाठी फिरला. त्याने फीचे पैसे उचलले, असे त्यात होते. मी काही पाहिले नव्हते. पण कागद नीट टाईप केलेला, शिक्का मारलेला. वर तिघांच्या सह्या झालेल्या. तासाची घंटा वाजलेली. आणि कोणीतरी पेन उघडून हातात दिलेले. मी सही केली. शिपायाची नोकरी गेली. पैशांचे खरे काय झाले, ते मी अजूनही कोणाला विचारलेले नाही. इज्रेलच्या त्या मंडळींची नावे ग्रंथात दिलेली नाहीत, हे मला बरे वाटते.

नाबोथ मेल्यावर अहाब मळ्याचा ताबा घ्यावयास गेला. तेथे एलीया संदेष्टा त्याला आडवा आला आणि खून करून वर वतनही घेतलेस काय, असे त्याने विचारले. विचारले ते राजाला. ज्याने बोटही उचलले नव्हते त्याला! राणीचा शाप मागून आला. अहाब गोणपाट नेसून रडला, तेव्हा त्याच्या घराण्यावरचा कोप मुलाच्या कारकिर्दीपर्यंत लांबला. ईजबेल रडल्याचे कोठे लिहिलेले नाही.

पुढे येहूने बंड केले. त्याने खालून हाक मारताच राणीच्याच खोजांनी तिला खिडकीतून लोटून दिले. येहू आत जाऊन जेवला. राजकन्या होती, पुरा तिला, असे त्याने सांगितले तेव्हा कुत्र्यांनी कवटी, पाय व तळहात एवढेच शिल्लक ठेवले होते.

गोष्ट बहुधा येथे संपवितात. ग्रंथात ती पुढे आहे. येहूनेही पत्रे लिहिली, शोमरोनातल्या सरदारांना व वडीलधाऱ्यांना. त्यांच्या सांभाळी अहाबाचे सत्तर मुलगे होते. आम्ही तुमचे चाकर, सांगाल ते करू, असा जबाब आला. दुसऱ्या पत्रात येहूने त्या मुलांची डोकी मागितली. ती टोपल्यांत भरून इज्रेलला आली. सकाळी वेशीजवळ उभे राहून येहूने जमलेल्या लोकांना विचारले, की माझ्या धन्याला मी मारले हे खरे. पण या सगळ्यांना कोणी मारले? लोक काय म्हणाले, ते लिहिलेले नाही.