घुबड शुभ ठरलं तर?

मालवण किनारपट्टीवर तिन्हीसांजेनंतर माडाच्या बागेतून घुबडाचा आवाज आला की आजही कुणीतरी ते हाकलायला सांगतं. ही भीती फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 165व्या सूक्तात घुबडाचं ओरडणं फुकट जावो, अशी प्रार्थना आहे. गंमत अशी, की त्याच सूक्तात घरात शिरलेलं कबूतरही निर्ऋती या विनाशाच्या देवतेचा दूत ठरलं आहे. पुढे कबूतराचा डाग पुसला गेला, दादरच्या कबूतरखान्यात त्याला दाणे पडू लागले. घुबडाचा मात्र गडद होत गेला. महाभारताच्या सौप्तिकपर्वात वडावर झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारतं ते पाहून अश्वत्थाम्याला रात्रीच्या कत्तलीची युक्ती सुचते. पंचतंत्रात पक्ष्यांचा राजा होऊ घातलेल्या घुबडाचा अभिषेक कावळा मोडतो. सुरुवात सारखी असून दोघांचं नशीब वेगळं निघालं, तेव्हा अपशकुन पक्ष्याच्या अंगी नव्हता. दिवसा वावरणाऱ्या माणसाला रात्री जागणाऱ्याचा जो संशय येतो, त्यातून तो घडत गेला.

म्हणूनच तो उलटाही करता आला. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी त्याच कुळातल्या पिंगळा पक्ष्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगतो. बंगालात घुबड लक्ष्मीचं वाहन आहे. जपानमध्येही एकेकाळी ते आईला खाणारं कृतघ्न पाखरू मानत. आज तिथे घुबडाच्या मूर्ती सुख यावं म्हणून भेट देतात. उत्तरेकडच्या ऐनू लोकांनी तर मासेखाऊ घुबडाला आधीपासूनच गावाचा देव मानलं, आपल्याकडच्या राखणदारासारखा. मग आपणही घुबडाला शुभ ठरवून टाकावं, असं कुणी सुचवेल. सूचना सरळ आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. 2010 साली वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक इंडिया’ने भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला. त्यात दिवाळीच्या सुमारास तांत्रिक पूजेसाठी घुबडांचे बळी जातात, हे पुढे आलं. लक्ष्मी आणणारा पक्षी म्हणून बाजारात त्याला किंमत आली आणि त्या किमतीनेच त्याचा गळा धरला. शकुन शुभ असो वा अशुभ, पक्षी माणसाच्या नशिबाला जुंपलेलाच राहतो.

उंदीर खातो म्हणून त्याला जपा, हा युक्तिवाद अधिक शहाणा आहे. पण उपयोगावर उभी असलेली माया उंदराचं विष स्वस्त मिळालं की आटते. सिंधुदुर्गात याहून वेगळी एक सोय आहे, आणि ती घुबडासाठी कुणी केलेली नाही. सातेरी, रवळनाथ या ग्रामदेवतांच्या देवराईत देवाचा कौल घेतल्याशिवाय कुऱ्हाड चालत नसे, म्हणून झाडं म्हातारी होत, त्यांना ढोली पडत. ज्याच्या नावाने घरात थुंकत, त्याच पक्ष्याला त्या ढोलीत आसरा मिळे. देवाचा हा धाकही अंधश्रद्धाच, असा आक्षेप येईल, आणि तो खराच आहे. फरक इतकाच, की या श्रद्धेने झाडाला हात लावू दिला नाही आणि पक्ष्याकडे काही मागितलंही नाही. आता देवळांच्या जीर्णोद्धारात सिमेंटचा सभामंडप वाढतो तेव्हा पोकळ झाड सगळ्यात आधी ‘धोकादायक’ ठरतं. घुबडाच्या शकुनाची चर्चा करण्याआधी ते झाड कुणाच्या सांगण्यावरून पाडलं, हे मानकऱ्यांना आणि ग्रामसभेला विचारायला हवं.